टबीथेची सुई



प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांत, छत्तिसाव्या वचनापासून बेचाळिसाव्या वचनापर्यंत, यापो नांवाच्या बंदरीं राहणाऱ्या एका स्त्रीची हकीकत आली आहे. तिचें नांव टबीथा. ग्रीक भाषेंत तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नांवांचा अर्थ हरिणी असा होतो. ही बाई आजारी पडून मेली. लोकांनीं तिला स्नान घालून माडीवरच्या खोलींत ठेविलें, आणि जवळच लोद येथें पेत्र आला आहे असें कळल्यावरून दोन माणसें पाठवून त्याला बोलाविलें. पेत्र आला तेव्हां माडीवर विधवा रडत उभ्या होत्या. त्यांनीं त्याला काय दाखविलें? टबीथेचें घर दाखविलें नाहीं, दागिने दाखविले नाहींत, तिनें कोणास किती पैसे दिले ह्याची वही दाखविली नाहीं. त्यांनीं अंगरखे व वस्त्रें दाखविलीं. तीं तिनें जिवंत असतां त्यांच्यासाठीं आपल्या हातांनीं केलीं होतीं.

नव्या करारांत ‘शिष्या’ असा स्त्रीलिंगी शब्द मूळ ग्रीक भाषेंत एकदांच आला आहे, आणि तो ह्या शिवणाऱ्या बाईस लाविला आहे. तिनें कोठें उपदेश केला असें लिहिलें नाहीं. तिच्या तोंडचा एकहि शब्द लिहून ठेविलेला नाहीं. तरी पवित्र शास्त्रानें तिचें नांव राखिलें. ह्यावरून आपल्यापैकीं ज्यांना बोलतां येत नाहीं, वाचतां येत नाहीं, मंडळींत उभें राहून प्रार्थना करण्याची भीड वाटते, त्यांनीं धीर धरावा. हातांची सेवा ही देखील शिष्यपणाचीच सेवा आहे. आज आपण हाताच्या शिवणकामाविषयीं, आणि हातानें करून दिलेल्या भेटीविषयीं विचार करूं.

पहिली गोष्ट ही कीं, टबीथेनें आपल्याजवळ जें होतें तेंच देवाच्या कामीं लाविलें. आपल्या जुन्नर तालुक्यांत नाणेघाट आहे. तेथील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख कोरलेला आहे. राजघराण्यानें यज्ञप्रसंगीं किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती नाणीं दिलीं ह्याची त्यांत मोठी यादी आहे. जुन्नरच्याच डोंगरांतल्या लेण्यांत दुसरेहि लेख आहेत. त्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कांस्यकारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. दानाची रक्कम ह्या हातानें राबणाऱ्या लोकांकडे विश्वासानें ठेवीत असत. म्हणजे ह्या मुलखांत राजाच्या दानाचा मान होता, तसाच कारागिराच्या हाताचाहि विश्वास होता. टबीथेजवळ गाई, घोडे असल्याचें लिहिलें नाहीं. तिच्याजवळ सुई होती, दोरा होता, आणि विधवांची दशा पाहणारे डोळे होते. तिच्या दानाची यादी दगडावर कोरिली गेली नाहीं. ती विधवांच्या अंगावर होती.

कोणी म्हणेल, “आमच्याजवळ देण्यासारखें काय आहे? भात आणि नाचणी घरापुरतीच होते. हिरडा गोळा करून जे चार पैसे येतात ते दुकानदाराच्या उधारींत जातात.” बंधूंनो, हें खरें आहे. पण ज्या घरांत जुनें लुगडें आहे त्या घरांत गोधडीचा आरंभ आहे. आपल्या आया व आज्या हेंच करीत आल्या. जुनीं लुगडीं व धोतरें धुऊन, थरावर थर मांडून, कांठापासून आंत आंत धांवदोरा घालीत त्या गोधडी शिवीत. मढ, खिरेश्वर, पिंपळगांव जोगा ह्या बाजूस, माळशेज घाटाच्या तोंडाशीं, श्रावणांतलें धुकें दिवसभर उठत नाहीं आणि पौषांतली थंडी हाडांत शिरते. अशा ठिकाणीं एका म्हाताऱ्याच्या अंगावर एक जाड गोधडी पडली तर ती भेट लहान कशी म्हणावी?

दुसरी गोष्ट. हातानें शिवावयाचें तर ज्याच्यासाठीं शिवावयाचें त्याला ओळखावें लागतें. दुकानांतून आणिलेली वस्तु कोणालाहि देतां येते. ती कोणासाठीं आहे हें घेतेवेळीं ठरविण्याची गरज नसते. पण अंगरखा बेतावयाचा तर खांदे किती रुंद, हात किती लांब, पाठ वांकली आहे कीं सरळ, हें ठाऊक पाहिजे. टबीथेनें त्या विधवांना जवळ बोलावून त्यांचीं मापें घेतलीं असतील. ज्या बाईकडे गांवांत कोणी पाहत नाहीं, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिचें माप घेणें, हेंच अर्धें दान झालें.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत हन्नेची गोष्ट आहे. तिनें आपला मुलगा शमुवेल लहानपणींच शिलो येथें देवाच्या मंदिरांत ठेविला. वर्षांतून एकदां ती नवऱ्याबरोबर यज्ञ करावयास तेथें जाई, आणि दरवर्षीं त्याच्यासाठीं एक लहान झगा करून नेई. मातांनो, ह्याचा विचार करा. मूल डोळ्यांपुढें नाहीं. गेल्या वर्षीं तें कोठवर आलें होतें हें आठवून, वर्षांत किती वाढलें असेल ह्याचा अंदाज करून तिला कापड बेतावें लागे. एकेका टांक्याबरोबर त्या मुलाची आठवण होत असेल, आणि आठवणीबरोबर प्रार्थनाहि. आपल्या जुन्नर व आंबेगांवच्या डोंगरी भागांतलीं पुष्कळ मुलें आश्रमशाळेंत राहून शिकतात. पुष्कळ आईबाप मोलमजुरीसाठीं ओतूर, नारायणगांवच्या बाजूस उतरतात, आणि सणावारींच मुलांची भेट होते. त्या भेटीच्या वेळीं आईनें हातानें शिवलेलें झबलें, टोपडें, किंवा नांव घातलेली लहानशी पिशवी मुलाच्या हातीं पडली, तर तें मूल काय समजतें? आई दूर असतांना देखील माझें माप विसरली नाहीं, असें समजतें. आपला स्वर्गीय पिता आपल्याला विसरत नाहीं हें त्या मुलाला पुढें शिकवावें लागणार आहे. तो धडा त्याला पिशवीवरच्या टांक्यांतून आधींच मिळालेला असेल.

ह्या ठिकाणीं घरधन्यांना एक कठीण शब्द सांगणें प्राप्त आहे. नाताळ जवळ आला किंवा लग्नसराई लागली म्हणजे घरांत नव्या कपड्यांची बोलणीं सुरू होतात. शेजाऱ्यानें घेतले म्हणून आपणहि घ्यावे, पाहुण्यांना भारी आहेर करावा, नाहीं तर चार लोकांत नाक कापलें जाईल, ह्या भीतीनें उधारी होते. सण एक दिवसाचा. उधारी पुढच्या भातापर्यंत चालते. त्या उधारीपायीं मुलाची वही राहते, आजाऱ्याचें औषध राहतें, नवराबायकोंत तंटा होतो. प्रभु येशूचा जन्म गव्हाणींत झाला. त्याच्या आईनें त्याला बाळंत्यांत गुंडाळिलें. त्याच्या जन्माच्या नांवानें आपण घरावर कर्जाचें ओझें चढवावें हें त्याला कसें आवडेल? ज्याला कर्जाशिवाय नवा कपडा घेतां येतो त्यानें देवाचे आभार मानून घ्यावा. ज्याला येत नाहीं त्यानें जुना कपडा स्वच्छ धुऊन, उसवलेलें शिवून, ठिगळ नीट लावून उपासनेस यावें, आणि भेट द्यावयाची तर हातानें केलेली द्यावी. लाज कर्ज बुडविण्याची असावी; ठिगळाची लाज नसावी.

तिसरी गोष्ट. टबीथेनें जें दिलें तें चांगलें दिलें. तिनें अंगरखे केले. घरांतलीं नकोशीं चिरगुटें तिनें विधवांच्या पुढें टाकलीं नाहींत. पुष्कळ वेळां जें आपल्याला घालवत नाहीं तें आपण गरिबाला देतों आणि त्याला दान म्हणतों. जुन्या कापडाची गोधडी निराळी. तींत जुनें कापड धुतलेलें असतें, निवडलेलें असतें, आणि त्यांत शिवणाऱ्याचे दिवस घातलेले असतात. म्हणून कापड जुनें असलें तरी भेट नवी असते. देवासाठीं शिवतांना आंतली बाजूहि नीट असावी. बाहेरून टांके सुबक आणि आंतून दोऱ्यांच्या गांठी लोंबत आहेत, असा कपडा थोडे दिवस टिकतो. आपलें ख्रिस्ती चालणेंहि असेंच आहे. रविवारीं जी बाजू लोकांना दिसते ती उजवी. घरांत बायकोशीं, सुनेशीं, मजुराशीं जें वागणें तें अस्तर. देव कपडा उलटून पाहतो.

चौथी गोष्ट, आणि ही सुज्ञ लोकांच्या शंकेविषयीं आहे. कोणी विचारील, “आतां बाजारांत तयार कपडे इतके स्वस्त मिळतात कीं कापड व दोरा ह्यांचीच किंमत जास्त होते. मग हातानें शिवण्यांत काय अर्थ?” शंका योग्य आहे. तयार कपडा घेणें हें पाप नाहीं, आणि गांवच्या शिंप्याकडून शिवून घेणें हें तर चांगलेंच आहे. त्याच्याहि घरीं चूल आहे. पण स्वस्त कपडा स्वस्त कसा होतो हें आपण एकदां विचारावें. २४ एप्रिल २०१३ ह्या दिवशीं बांगलादेशांत, ढाक्याजवळ सावार येथें, राणा प्लाझा नांवाची अनेक मजली इमारत कोसळली. तींत परदेशी बाजारासाठीं कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशीं भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या होत्या, तरी कामगारांना दुसऱ्या दिवशीं कामावर बोलाविलें. अकराशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत बहुतेक बायका होत्या. याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानीं जाते, असा इशारा आहे. कापणाऱ्यांची ओरड जर त्याच्या कानीं जाते, तर शिवणाऱ्यांचीहि जाते.

ज्यानें स्वतः एक सदरा पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवला आहे, त्याला एका बाहीस किती वेळ लागतो हें ठाऊक असतें. तो मनुष्य मग शिंप्याशीं दोन रुपयांसाठीं हुज्जत घालीत नाहीं. शिवणारणीचे पैसे तो दोन महिने थकवीत नाहीं. कपडा थोडा फाटला म्हणून उकिरड्यावर टाकीत नाहीं. हातानें शिवण्याचा मोठा लाभ हाच आहे: दुसऱ्याच्या श्रमाची किंमत आपल्या बोटांना कळते. आणि ज्याला दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कळली तो न्यायानें वागण्याच्या वाटेस लागला.

पांचवी गोष्ट पुरुषांसाठीं आहे. सुई ही बायकांची वस्तु आहे असें आपल्याकडे समजतात. पवित्र शास्त्र तसें समजत नाहीं. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडपाचें काम निघालें तेव्हां बसालेल व अहलियाब ह्या पुरुषांना देवानें कारागिरीची बुद्धि दिली, आणि त्यांत विणण्याचें व भरतकामाचेंहि काम होतें. स्त्रियांनीं आपल्या हातांनीं सूत व बकऱ्यांचे केस कांतून आणिले. लोकांनीं इतकें आणून दिलें कीं मोशेला, आतां पुरे, आणखी आणूं नका, अशी दवंडी पिटवावी लागली. पौल प्रेषित अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्याबरोबर करिंथांत राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे. ज्या हातानें त्यानें मंडळ्यांना पत्रें लिहिलीं त्या हाताला दाभण व जाड दोराहि ठाऊक होता. आणि टबीथेला उठविल्यावर पेत्र यापोंत कोणाच्या घरीं उतरला? कातडीं कमावणाऱ्या शिमोनाच्या घरीं. तो धंदा लोक हलका समजत. पेत्रानें तें घर हलकें समजलें नाहीं. म्हणून बापांनीं आपल्या मुलग्यांना बटण लावणें, उसवलेली शिवण घालणें, गोधडीचा एक पदर पुरा करणें अवश्य शिकवावें.

येथेंच दुसरी एक सावधगिरी सांगतों. जी बाई दिवसभर चिखलांत भाताची लावणी करते, डोक्यावर पाणी आणते, लांकूडफाटा गोळा करते आणि रात्रीं भाकरी भाजते, तिला उपदेशकानें येऊन “टबीथेसारखी शिवत जा” असें सांगून आणखी एक ओझें देऊं नये. शिवणें हें तिला विसांवा व्हावें, वेठ होऊं नये. नवऱ्यानें एका संध्याकाळीं पाणी आणावें, मुलग्यानें चूल पेटवावी, म्हणजे आईला एक घटका सुई घेऊन स्वस्थ बसतां येईल. ज्या घरांत असें घडतें त्या घरांत शिवलेल्या कपड्यांत सगळ्यांचा हात असतो. जेथें घडत नाहीं तेथें नवऱ्यानें टबीथेचें नांव घेण्याआधीं घागर उचलावी.

सहावी गोष्ट. टबीथेनें विधवांना वस्त्रें दिलीं; आपल्या पुणें जिल्ह्यांत एका बाईनें विधवांच्या हातीं सुईच दिली. पंडिता रमाबाई ह्या स्वतः विधवा होत्या. त्यांनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडिलें. पुढें तें पुण्यास आणिलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत अन्नान्न झालेल्या मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या आणि केडगांव येथें त्यांच्यासाठीं मुक्ति सदन उभें राहिलें. तेथें स्त्रिया वाचावयास शिकल्या, तशाच शिवावयास, विणावयास, शेत करावयास आणि छापखाना चालवावयासहि शिकल्या. १९२२ सालीं रमाबाई वारल्या. ज्या बाईला घराबाहेर काढलें, जिचें डोकें भादरलें, जिला अशुभ म्हटलें, ती स्वतःच्या हातानें स्वतःचें वस्त्र शिवूं लागली म्हणजे तिची मान वर होते. दान घेणारणीला दान करतां येईल अशी करणें, हें दानाहून मोठें दान आहे. आपल्या गांवांत एखादी एकटी बाई असेल तर तिला कपडा द्या. पण पुढच्या महिन्यांत तिच्याजवळ बसून तिला बेतणें शिकवा. तिच्या हातचें झबलें दुसऱ्या कोणाच्या बाळाला जाऊं द्या.

आतां उपदेशक बंधूंना व बायबल-बायांना थोडें सांगतों, म्हणजे हा उपदेश कानांवरून जाऊन विसरला जाणार नाहीं. महिन्यांतून एका दुपारीं, शेताचें काम हलकें असेल तेव्हां, चार घरचीं माणसें एकत्र बसवा. प्रत्येकानें सुई, दोरा आणि धुतलेलें जुनें कापड आणावें. पैशांची वर्गणी मागूं नये. ज्याला येतें त्यानें ज्याला येत नाहीं त्याच्या शेजारीं बसावें. पहिला टांका घालण्याआधीं ही वस्तु कोणासाठीं हें ठरवावें आणि त्या मनुष्याचें नांव घेऊन प्रार्थना करावी. आरंभ लहान असावा: तान्ह्या बाळाची कुंची, दुपटें, शाळकरी मुलाची पिशवी. गोधडी मोठें काम आहे. ती चार हातांनीं घ्यावी. कपडे नाहींत म्हणून कोणी उपासनेस येण्याचें टाळीत असेल तर त्याच्या घरीं जाऊन चौकशी करा, पण चारचौघांत त्याचें नांव घेऊं नका. आणि भेट देतांना हा आपला, तो परका, असें पाहूं नका. शेजारीं ठाकर असो, महादेव कोळी असो, मराठा असो, ज्याला थंडी वाजते त्याला द्या. भेटीच्या बदल्यांत कोणास मंडळींत येण्याची गळ घालूं नका. कपड्याच्या लोभानें आलेला मनुष्य कपडा फाटल्यावर जातो. टबीथेनें सौदा केल्याचें कोठें लिहिलें नाहीं. तिनें नुसतें दिलें.

शेवटीं पुन्हां त्या माडीवर चला. पेत्रानें सर्वांना बाहेर पाठविलें, गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि टबीथेला हांक मारून उठावयास सांगितलें. तिनें डोळे उघडले व ती उठून बसली. पेत्रानें तिला हात दिला आणि पवित्र जनांना व विधवांना बोलावून ती जिवंत त्यांच्या स्वाधीन केली. ज्या हातांनीं इतक्यांना वस्त्रें दिलीं त्या हाताला प्रेषिताचा हात लागला, आणि तो हात पुन्हां सुई धरण्यास मोकळा झाला. ही गोष्ट यापोभर झाली आणि पुष्कळांनीं प्रभूवर विश्वास ठेविला. हें सामर्थ्य सुईचें नव्हे, पेत्राचेंहि नव्हे. जिवंत प्रभूचें आहे. पण प्रभूनें कोणाला उठविलें हें लक्षांत घ्या: जिच्यावांचून गरिबांचें अडलें होतें तिला.

आपणहि एक दिवस जाऊं. तेव्हां आपल्या अंगणांत जमलेले लोक काय दाखवितील? शेताचा बांध कितपत सरकवून घेतला हें दाखवितील, कीं अंगावरची गोधडी दाखवून “ही त्यांनीं शिवून दिली” असें म्हणतील? प्रत्येकानें आज रात्रीं अंथरुणावर पडतांना स्वतःस हें विचारावें. आणि उद्यां सकाळीं उठून, ज्याला थंडी वाजते अशा एका मनुष्याचें माप घ्यावें.

हे प्रभो, तूं आदामाला व हव्वेला बागेबाहेर पाठवितांना देखील त्यांना वस्त्रें करून घातलीं. तूं आम्हांस उघडें टाकीत नाहींस. आमच्या हातांना काम दे, आमच्या डोळ्यांना शेजाऱ्याची गरज दिसूं दे, आमच्या घरांतून कर्ज व दिखाऊपणा काढून टाक, आणि जें आम्ही शिवूं तें आंतून बाहेरून खरें असूं दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.